नाव तिचं, जीभ आपली

हल्ली आपल्या कुठल्याही शिबिरात, चहाच्या सुट्टीत, लहान मुलींच्या नावांचा विषय निघाला की हशा ठरलेलाच असतो. ‘काय बाई ही एकेक नावं! कियारा, मायरा, शनाया! अर्थ आईला माहीत नाही आणि उच्चार आजीला येत नाही.’ मग एखादी ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणते, ‘आम्ही मुलींची नावं मुक्ता, समता, क्रांती अशी ठेवली. त्यामागे काही विचार होता. आता सगळं सिनेमातून, नाहीतर मोबाइलवरून येतं.’ सगळ्याजणी माना डोलावतात आणि पुढच्या सत्राची वेळ होते.

मला या हसण्याबद्दल लिहायचं आहे. हसणाऱ्या आपल्याच मैत्रिणी आहेत आणि ज्यांना हसलं जातं त्या बायाही आपल्याच गटातल्या आहेत. शहराच्या कडेला असलेल्या ज्या वस्त्यांत मी काम करते, तिथल्या बालवाडीच्या हजेरीपटात आता ‘कियारा’ आहे, ‘मायरा’ आहे. त्यांच्या आया घरकामाला जातात, कपड्यांच्या कारखान्यात धागे कापतात, भाजीची गाडी लावतात. ‘वरच्या वर्गाचं खूळ’ म्हणून हा विषय बाजूला सारता येणार नाही.

एकच नाव घेऊन बघू. कियारा.

हे नाव आपल्याकडे फार जुनं नाही. १९९८ साली ‘लायन किंग’ या चित्रपटाचा दुसरा भाग आला, त्यात सिंहाच्या मुलीचं नाव कियारा होतं. २०१० साली ‘अंजाना अंजानी’ या हिंदी चित्रपटात नायिकेचं नाव कियारा होतं. ते आवडलं म्हणून आलिया अडवाणी या मुलीने सिनेसृष्टीत येताना कियारा हे नाव घेतलं, कारण त्या वेळी आलिया नावाची दुसरी नटी आधीच पडद्यावर होती. म्हणजे आपल्या वस्तीतल्या बाळाचं नाव एका नटीचं, त्या नटीचं नाव एका पात्राचं. मूळ धरायला गेलं तर गंमत आणखी वाढते. इटलीत हे नाव ‘क्यारा’ असं म्हणतात. असिसी गावची तेराव्या शतकातली संत क्यारा प्रसिद्ध आहे. तिथे त्याचा अर्थ स्वच्छ, उजळ. आयर्लंडमध्ये जवळपास याच उच्चाराचं, ‘किअरा’सारखं एक नाव आहे. तेही एका जुन्या संत स्त्रीचं. पण तिथल्या भाषेत त्याचा अर्थ काळी, सावळी. त्याच आयरिश स्पेलिंगचं नाव अमेरिकेत ‘सिएरा’ होतं. १९७३ साली रेव्हलॉन कंपनीने त्या नावाचं अत्तर काढलं आणि पुढे त्या अत्तरावरून एका मुलीचं नाव ठेवलं गेलं, ती आज तिथली प्रसिद्ध गायिका आहे.

म्हणजे कानाला एकच वाटणारं नाव एका देशात उजळ, दुसऱ्या देशात काळी. आपल्याकडे नावांच्या यादीत त्याचा अर्थ कोणता छापला जातो, हे सांगायला नकोच. मुलगी जन्मली की ‘रंग कुणावर गेलाय?’ हा पहिला प्रश्न विचारणाऱ्या समाजात ‘सावळी’ हा अर्थ यादीत टिकणार कसा? कृष्णा, श्यामला, काळूबाई ही नावं आपल्या आज्यांनी सहज वागवली. काळूबाई तर देवी आहे. आज मुलीचं नाव श्यामला ठेवायला निघालेल्या आईला चार जणी थांबवतात. तेव्हा नवीन नावांच्या लाटेवर टीका करायचीच असेल, तर ती इथे करू या. बाजार नावाबरोबर गोरा अर्थही विकतो. बाकी परदेशी मुळाचं म्हणून हसायचं असेल, तर आपल्याकडची किती नावं फारसी-अरबी मुळाची आहेत तेही मोजावं लागेल. कुणाला ते खटकत नाही, खटकूही नये.

आता उच्चाराकडे येते. कियाराची आजी तिला ‘कियारी’ म्हणते. अंगणवाडीताईंनी वहीत ‘कायरा’ लिहिलं. जन्मनोंदणीच्या दाखल्यावर मराठीत एक आणि इंग्रजीत दुसरंच झालं. याचं हसू येतं खरं. पण वस्तीतल्या एका आईने मला जे सांगितलं, ते ऐकल्यावर हसू येणार नाही. ती मुलीला घेऊन जवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेशाला गेली. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, ‘मुलीचं नाव?’ हिने सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला तरी म्हणता येतं का नीट?’ मग शेजारच्या बाईंकडे बघून हसल्या आणि स्वतः मोठ्याने योग्य उच्चार करून दाखवला. अर्थात त्यांना वाटणारा योग्य. क्यारा, किअरा की सिएरा, हे त्यांनाही कुणी विचारलेलं नव्हतं. घरी आल्यावर ही मला म्हणाली, ‘ताई, लेक माझी. नाव मी ठिवलं. आन् मलाच म्हणता येत न्हाई म्हंत्यात.’

मैत्रिणींनो, या वाक्यापाशी जरा थांबा. ही बाई लग्नाआधी एका नावाची होती, सासरी तिचं नाव बदललं. थोरल्या मुलीचं नाव आत्याने ठेवलं, मुलाचं सासऱ्यांनी. या धाकटीच्या वेळी घरात कुणाला उत्साहच नव्हता, कारण दुसरीही मुलगीच झाली होती. ‘ठेव काय ठेवायचं ते’ असं म्हणून सगळे मोकळे झाले. तेव्हा हिने रात्री मोबाइलवर पाहिलेल्या सिनेमातलं, तिला सुंदर वाटलेलं नाव ठेवलं. तिच्या आयुष्यात तिने एकटीने घेतलेल्या निर्णयांची यादी केली तर ती फार लांब होणार नाही. त्या यादीत हे नाव आहे. आपण शिबिरात ज्याला खूळ म्हणतो, ते तिच्या बाजूने पाहिलं तर तिचा पहिला शब्द आहे.

‘नीट म्हणता येणं’ ही काय भानगड आहे, तेही पाहिलं पाहिजे. मराठीत जीभ कधीच एकटी नसते. तिच्या मागे जात असते, गाव असतं, शाळा असते. ‘ण’ला ‘न’ म्हणणाऱ्यांना ‘आनि-पानी’वाले म्हणून चिडवणारे वर्ग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ‘प्रणाली’ला ‘परनाली’ म्हणणारी आई पालकसभेत बोलायला उठत नाही. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचं नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ असं आहे. त्यांनी ‘माझ्या जन्माची’ असं प्रमाण करून घेतलं नाही. तोंडात जसं होतं तसं मुखपृष्ठावर छापलं. अशा शीर्षकाने किती जणींची भीड चेपली असेल!

आणि प्रमाण उच्चार तरी कुणाचा? ‘प्रज्ञा’ हे नाव बघा. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत ठेवलं गेलेलं हे नाव आपण ‘प्रद्न्या’ असं म्हणतो, हिंदी मुलखात तेच ‘प्रग्या’ होतं. दिल्लीच्या कचेरीत मराठी प्रज्ञाला ‘तुमचं स्पेलिंग चुकलंय’ असं ऐकावं लागतं. ‘जाड’मधला ज आणि ‘जीव’मधला ज आपण वेगळा म्हणतो, पण लिहितो एकच. मग एखादीचं नाव ‘जारा’ लिहिलं तर वाचणाऱ्याने काय वाचावं? ‘ळ’ तर शहरी नावांतून जवळजवळ हद्दपारच झाला आहे. कमळ होती तिची कमल झाली, कारण इंग्रजी लिपीत आणि परप्रांतीय साहेबाच्या तोंडात ‘ळ’ बसत नाही. म्हणजे पुण्याची बाई वस्तीतल्या बाईला हसते, दिल्लीचा साहेब पुण्याच्या बाईला हसतो. या उतरंडीत प्रत्येक वेळी नाव बदलावं लागतं ते खालच्या पायरीवरच्या माणसाला. वरच्याने जीभ वळवायची तसदी घ्यायची नसते.

आश्रमशाळांत हेच जास्त उघडपणे चालत आलं आहे. ज्या वारी जन्म झाला त्यावरून सोमी, बुधी, शुक्री अशी नावं ठेवण्याची रीत अनेक आदिवासी घरांत आहे. माझ्या ओळखीच्या एका कार्यकर्तीचं घरातलं नाव असंच वारावरचं. पहिलीत गुरुजींनी ‘हे काय नाव आहे?’ असं म्हणून दाखल्यावर दुसरंच नाव घातलं. त्यात त्यांचा हेतू वाईट नसेलही. पण आईबापांना विचारावंसं त्यांना वाटलं नाही. आज ती दोन नावांनी जगते. पाड्यावर एक, कागदावर दुसरं. कागदावरच्या नावाने हाक मारली तर अजूनही पटकन मान वळत नाही, असं ती सांगते.

बाईचं नाव इतरांच्या जिभेला सोपं हवं, हा आग्रह आजचा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत याचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं आणि शूद्राचं नाव किळस यावी असं. स्त्रियांसाठी नियम वेगळा. नाव उच्चारायला सोपं असावं, उग्र नसावं, अर्थ स्पष्ट असावा, मनाला गोड वाटावं, शेवटी दीर्घ स्वर असावा. तिसऱ्या अध्यायात कुठल्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये त्याचीही यादी आहे. नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांची नावं असलेली मुलगी नको. दासीपणा दाखवणाऱ्या नावाची नको आणि जिचं नाव ऐकून धाक वाटेल अशीही नको. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या पुढाकाराने ही मनुस्मृती जाळली गेली आणि आपल्यातल्या अनेक संघटना तो दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. पण नावांचे तिचे नियम आपल्या अंगवळणी किती पडले आहेत ते बघा. आजही मुलीचं नाव सुचवताना आपण म्हणतो, ‘छोटंसं हवं, गोड हवं, हाक मारायला सोपं हवं.’ मुलाला मृत्युंजय, रणवीर, हर्षवर्धन अशी नावं चालतात. त्याचं नाव लांबलचक असलं तर लोक ते शिकतात. तिचं असलं तर छाटतात.

शूद्रांच्या नावांचा नियमही पुस्तकात राहिला नव्हता. दगडू, धोंडू, कचरू ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यातली काही, मूल जगावं म्हणून नवसापोटी ठेवलेली असत हे खरं. पण वस्तीवस्तीत तीच का असत, हा प्रश्न उरतोच. दया पवारांनी ‘बलुतं’ लिहिलं ते १९७८ साली, त्यातला निवेदक दगडूच आहे आणि पवारांचं स्वतःचं मूळ नावही दगडूच. १९५६ नंतर त्याच घरांत सिद्धार्थ, राहुल, यशोधरा, सुजाता, संघमित्रा आल्या. तेव्हाही ‘यांना स्वतःच्या पोरांची नावं तरी म्हणता येतात का?’ असं कुत्सितपणे विचारलं गेलंच. संघमित्रा हे जोडाक्षरांचं नाव अडाणी म्हटल्या जाणाऱ्या आयांनी हट्टाने ठेवलं आणि म्हणून म्हणून बसवलं. आज ते अवघड वाटत नाही. म्हणजे अवघडपणा त्या अक्षरांत नव्हताच. ते कुणाच्या घरात ठेवलं जातंय, त्यावर तो ठरत होता.

आता दुसऱ्या टोकाचं एक नाव घेते. उच्चारायला अगदी सोपं, अर्थ लख्ख, शेवटी दीर्घ स्वर. नकुशा. कुठे नकोशी, कुठे नकुसा. मुलगाच हवा असलेल्या घरात पुन्हा मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढची तरी मुलगी होणार नाही, अशी समजूत. सातारा जिल्ह्यात या नावाच्या इतक्या मुली निघाल्या की जिल्हा परिषदेने त्यांचा शोध घेतला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात कार्यक्रम करून २८५ मुलींची नावं बदलली. एका जिल्ह्यात २८५! आणि या तेवढ्या सापडलेल्या. त्या दिवशी मुलींना आपलं नाव निवडता आलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. त्यातलं ऐश्वर्या हे नाव सिनेमातून आलेलं, म्हणून आपण हसलो असतो का? ज्या मुलीला रोज हजेरीच्या वेळी ‘नकुशा’ अशी हाक ऐकू येई, तिने सगळ्यात झगमगतं नाव उचललं. मला त्यात उथळपणा दिसत नाही. वस्तीतल्या आईने कियारा ठेवलं, तेही याच वाटेने आलेलं आहे.

नाव बदलल्याने सगळं बदलतं असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यात १९८८ साली झाला. त्यासाठी स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. १९९४ साली केंद्राचा कायदा आला, २००३ पासून तो सुधारून आणखी कडक झाला. आणि त्याच काळात हे आकडे खाली गेले. नकुशा या नावाची मुलगी निदान जन्माला तरी आली होती. सोनोग्राफीच्या यंत्राने नकोशीला नाव ठेवण्याचीही गरज ठेवली नाही. म्हणून वस्तीत दुसऱ्या, तिसऱ्या मुलीचं बारसं थाटात होतं, तिला दुर्मीळ, शोधून काढलेलं नाव मिळतं, तेव्हा मी आधी तिच्या असण्याकडे बघते. अर्थाची चौकशी मागाहून.

आता नाव ठेवण्याच्या हक्काकडे वळू. आपल्या बारशात बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगण्याचा मान आत्याचा. म्हणजे बापाच्या बहिणीचा. बाराव्या दिवशी आई तिथेच बसलेली असते, पण नाव जाहीर होतं ते बापाच्या घराकडून. आत्या हीसुद्धा बाईच आहे, तिला माहेरी मिळणारा तेवढाच एक मान, हे मी विसरत नाही. परंतु आईचं मत घेण्याची जागा त्या विधीत नाही. पुढे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं. ते नवरा लिहितो. न्यायमूर्ती रानड्यांशी १८७३ साली लग्न झालं तेव्हा कुर्लेकरांच्या यमुनेची रमाबाई झाली. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुनाच. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह करून मोठं धाडस केलं, पण गोदूबाईंच्याही आनंदीबाई झाल्याच. सुधारकांच्या घरांतसुद्धा नाव बदलायचं ते तिनेच. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कुठलाही कायदा नाही, हे आजही गटात सांगितलं की निम्म्या जणी चकित होतात.

कायदा हळूहळू का होईना, आईकडे वळतो आहे. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईच्या नैसर्गिक पालकत्वाचा अर्थ व्यापक केला. २०२२च्या जुलैमध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, की वडिलांच्या मृत्यूनंतर पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार आहे. २०२३ साली केरळ उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. वेगळे झालेले आईबाप मुलीच्या नावावर एकमत करीनात, दाखला बिननावाचा आणि शाळा तो घेईना. शेवटी न्यायालयाने नाव ठरवलं. मुलगी जिच्याजवळ राहते त्या आईच्या पसंतीला महत्त्व देऊन तिचं नाव घेतलं आणि पुढे वडिलांचं नाव जोडलं. महाराष्ट्र सरकारने तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा केला. आईचं नाव आता वेगळ्या रकान्यात कोपऱ्यात नाही, नावाच्या आतच आलं. ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीचं स्वतःचं नाव मात्र पूर्वीच्याच पद्धतीने, नवऱ्याच्या नावासह, चालू राहिलं. म्हणजे मुलीच्या नावात आई आली आणि आईच्या नावात तिची आई अजून नाही.

आणि त्या रकान्यात आईचं कुठलं नाव जाणार? माहेरचं की सासरचं? मघाच्या बाईच्या आधार कार्डावर एक आहे, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. पिढ्यान्‌पिढ्या नाव बदलत ठेवल्याचा हिशेब आता असा कागदावर येतो आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे अनेक कामांना जन्माचा दाखला हाच पुरावा धरला जातो. कारकुनाने घाईत लिहिलेला ‘कायरा’ तिच्या पाठीशी आयुष्यभर लागू शकतो.

म्हणून काही कामं आपल्या गटांनी हाती घ्यावीत असं मला वाटतं. ती छोटी आहेत, पैसे लागत नाहीत.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण बाळाचं नाव घालायला १२ महिन्यांपर्यंत शुल्क लागत नाही. त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. तेव्हा घाईने, दवाखान्यातल्या रांगेत, सासऱ्यांनी सांगितलेलं लिहून मोकळं होण्याची गरज नाही. बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा तिला बाजूला घेऊन विचारा, ‘तुला काय ठेवायचंय?’ कित्येकींना हा प्रश्न कुणीच विचारलेला नसतो. तिने सांगितलेलं नाव तिच्याच तोंडून दोनदा ऐका, मराठीत लिहून द्या, मग इंग्रजी स्पेलिंग ठरवा. क्रम हाच. आधी तिचा आवाज, मग मराठी अक्षर, मग स्पेलिंग. दाखला हातात आला की दोन्ही लिपी ताडून बघा आणि चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. दहावीनंतर राजपत्राच्या वाऱ्या करण्यापेक्षा हे सोपं.

बालवाडी, अंगणवाडी, शाळा जिथे जिथे आपला शब्द चालतो, तिथे हजेरीची एक रीत पाडू या. पहिल्या दिवशी मुलीलाच विचारायचं, ‘तुझं नाव कसं म्हणायचं?’ घरी जसं म्हणतात तसं म्हणायचं. आजी ‘कियारी’ म्हणत असेल आणि मुलगी त्याला ओ देत असेल, तर तोही तिच्या नावाचा खरा उच्चार आहे. इटलीत तिचं काय होतं, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मूळ शोधणं मी वर हौसेने केलं, पण ते ज्ञान आईला गप्प करण्यासाठी वापरायचं नसतं. आश्रमशाळेत कुणी नाव ‘सुधारलं’ असेल, तर ते परत घ्यायचा अर्ज करायला त्या मुलीला मदत करू या.

लग्न ठरलेल्या मुलींच्या गटात नावाचा विषय मुद्दाम काढू या. बदलायचं नाही असं सांगितलं तर सासरी पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून त्या गप्प बसतात. आधीच बोलणं झालेलं असेल तर तांदळाच्या ताटात तिचं आहे तेच नाव लिहिता येतं. तसं लिहिलेली लग्नं मी पाहिली आहेत. मंगलकार्य काही अडलं नाही.

राहता राहिली शिबिरातली आपली थट्टा. क्रांती आणि समता ही नावं मलाही प्रिय आहेत. पण तीही आईबापांनी आपल्या स्वप्नाखातर लेकीवर ठेवलेलीच नावं होती, आणि काही क्रांतींना त्या नावाचं ओझं झालं, हे त्या मोकळेपणाने सांगतात. प्रत्येक पिढी आपल्याला जे हवंहवंसं वाटतं ते मुलीच्या नावात घालते. आपल्या पिढीला चळवळ हवीशी वाटली. कारखान्यात दहा तास उभं राहणाऱ्या बाईला पडद्यावरची, आपल्या मर्जीने हिंडणारी, कुणाला न घाबरणारी मुलगी हवीशी वाटली. या दोन हवेपणांत मला फार अंतर दिसत नाही. अंतर पडतं ते आपण हसतो तेव्हा.

पुढच्या बैठकीत हा विषय चहाच्या सुट्टीत न ठेवता सत्रात घ्यावा. प्रत्येकीने सांगावं, माझं नाव कुणी ठेवलं, कुणी बदललं, कोण ते चुकीचं म्हणतं आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं. आमच्या गटात आम्ही हे केलं तेव्हा दोन तास पुरले नाहीत. एका साठीच्या मावशींनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपलं माहेरचं नाव उच्चारलं. नंतर त्या आठवड्यात बचतगटाच्या वहीत त्यांनी सही केली, ती त्याच नावाने.